बाळाच्या आहारासाठी बाटलीबंद पाणी: लेबल कसे वाचावे आणि पाणी कसे वापरावे

सीलबंद बाटलीतले पाणी म्हणजे निर्जंतुक पाणी, ही समजूत आपल्याकडे इतकी पक्की झाली आहे की प्रवासात, लग्नघरात किंवा नळाला गढूळ पाणी आले असता अनेक पालक बाटलीचे झाकण उघडून त्याच पाण्यात तान्ह्या बाळाचे दूध कालवतात. मोठ्या माणसांना हे बहुधा बाधत नाही. चार महिन्यांच्या बाळाला मात्र बाधू शकते. पाण्यातून बाळापर्यंत पोहोचणारे धोके दोन वेगळ्या प्रकारचे असतात. एक जंतूंचा, जो पाणी उकळल्याने जातो. दुसरा पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा आणि रसायनांचा, जो उकळल्याने जात नाही, उलट थोडा वाढतोच. पहिल्यासाठी शेगडी लागते, दुसऱ्यासाठी लेबल वाचता यावे लागते, आणि यांपैकी एकाने दुसऱ्याचे काम भागत नाही.

प्रथम हे मार्गदर्शन कोणासाठी आहे ते सांगितले पाहिजे. पहिले सहा महिने केवळ आईचे दूध घेणाऱ्या बाळाला वरचे पाणी मुळीच लागत नाही. विदर्भातल्या मे महिन्यातही लागत नाही, कारण आईच्या दुधात बाळाला पुरेल इतके पाणी असते. गुटी उगाळण्यासाठी किंवा घसा ओला करण्यासाठी चमचाभर पाणी द्यावे की नाही, या प्रश्नाचे उत्तरही बालरोगतज्ज्ञ नकारार्थीच देतात. प्रश्न उरतो तो वैद्यकीय कारणाने किंवा नाइलाजाने पावडरचे दूध घ्यावे लागणाऱ्या बाळांचा, आणि सहा महिन्यांनंतर पेज, खिमट, नाचणीचे सत्त्व असे वरचे अन्न सुरू झालेल्या बाळांचा. त्यांतही धोका सर्वाधिक कोणाला, तर पावडरच्या दुधावर असलेल्या लहानग्यांना. पाच किलो वजनाचे असे बाळ दिवसाला साधारण ७५० मिलिलिटर दूध घेते, म्हणजे वजनाच्या दर किलोमागे १५० मिलिलिटर. साठ किलोचा माणूस दिवसाला दोन लिटर पाणी प्यायला, तरी ते प्रमाण किलोमागे ३३ मिलिलिटरच भरते. एकाच बाटलीतल्या एकाच क्षाराचा भार बाळाच्या अंगावर साडेचार पट पडतो, आणि तोही मूत्रपिंडे अजून पुरती तयार नसताना.

बाटलीवरचे शब्द आणि त्यांचा अर्थ

आपल्या बाजारात बाटलीबंद पाण्याचे दोन मुख्य प्रकार आहेत आणि दोघांना सरसकट ‘बिसलेरी’ किंवा ‘मिनरल वॉटर’ म्हणण्याची आपली सवय या बाबतीत अडचणीची ठरते. ‘पॅकेज्ड ड्रिंकिंग वॉटर’ हे विहिरीचे, बोअरचे किंवा नळाचे पाणी असते. ते गाळून, बहुतेक ठिकाणी आरओ यंत्रातून काढून, ओझोन किंवा अतिनील किरणांची प्रक्रिया करून भरलेले असते. त्याचे भारतीय मानक आयएस १४५४३. ‘नॅचरल मिनरल वॉटर’ हे विशिष्ट झऱ्याचे किंवा भूगर्भातील स्रोताचे पाणी असते. त्यातील खनिजे तशीच ठेवली जातात, आणि त्याचे मानक आयएस १३४२८. पहिल्या प्रकारात एकूण विरघळलेले क्षार, म्हणजे आपण ज्याला टीडीएस म्हणतो ते, दर लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त असता कामा नयेत. दुसऱ्या प्रकारात ते १५० ते ७०० असू शकतात. ‘मिनरल’ या शब्दाने पालकांना वाटते की हे पाणी बाळाला अधिक पौष्टिक असेल. ते तसे नाही. बाळाला लागणारी खनिजे पावडरमध्ये मोजून घातलेली असतात, आणि पाण्यातून येणारी जास्तीची खनिजे त्या मोजमापात बसत नाहीत. म्हणून दोन्ही हाताशी असतील, तर बाळासाठी कमी क्षारांचे साधे पॅकेज्ड ड्रिंकिंग वॉटर निवडावे. सोडायुक्त, स्वाद घातलेले, ‘अल्कलाइन’ किंवा जीवनसत्त्वे मिसळलेले पाणी बाळाच्या आहारात वापरूच नये.

या मानकांना एक इतिहास आहे आणि तो जाणून घेण्यासारखा आहे. फेब्रुवारी २००३ मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने दिल्ली आणि मुंबईच्या बाजारातील बाटलीबंद पाण्यात कीटकनाशकांचे अंश आढळल्याचे जाहीर केले. त्यातून मोठा गदारोळ झाला आणि १ जानेवारी २००४ पासून कडक मर्यादा लागू झाली: कोणतेही एक कीटकनाशक दर लिटरला ०.०००१ मिलिग्रॅमपेक्षा आणि सगळी मिळून ०.०००५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. आज आपण ज्या बाटलीवर विश्वास ठेवतो, तिच्यामागे त्या वेळी लोकांनी विचारलेले प्रश्न आहेत.

ऑक्टोबर २०२४ पर्यंत अशा पाण्यावर आयएसआय चिन्ह सक्तीचे होते. त्या महिन्यात अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, ती सक्ती आपल्या नियमांतून वगळली, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये बाटलीबंद पाण्याला ‘उच्च जोखमीचे अन्न’ या गटात घातले. या गटातील कारखान्यांची परवान्यापूर्वी तपासणी आणि दरवर्षी त्रयस्थ संस्थेकडून अन्नसुरक्षेचे ऑडिट अपेक्षित असते. ग्राहकाच्या दृष्टीने याचा अर्थ असा की एफएसएसएआयचा चौदा अंकी परवाना क्रमांक बाटलीवर असलाच पाहिजे. आयएसआय चिन्ह असेल तर ती आणखी एक खात्री आहे, आणि बाळासाठी बाटली निवडताना मी ते चिन्ह असलेलीच निवडा असे सांगेन. चिन्हाच्या खाली सीएम/एल या अक्षरांनी सुरू होणारा क्रमांक असतो. तो ‘बीआयएस केअर’ या ॲपमध्ये टाकला की परवाना कोणाच्या नावावर आहे आणि तो चालू आहे की नाही, हे लगेच दिसते. कारखान्याचे नाव बाटलीवरच्या नावाशी जुळले नाही, तर ती बाटली बाळासाठी वापरू नये.

त्यानंतर बाटली हातात धरून चार गोष्टी पाहाव्यात. झाकणाच्या खालचे कडे अखंड आहे का. झाकण फिरवल्याबरोबर कटकट आवाज न होता ते सैल सुटले तर बाटली पुन्हा भरलेली असण्याची शक्यता असते. भरल्याची तारीख, बॅच क्रमांक आणि वापरण्याची मुदत स्वच्छ छापलेली आहे का. पुसट किंवा खाडाखोड केलेली असेल तर नको. नामांकित नावाशी मिळतेजुळते पण एखादे अक्षर बदललेले नाव नाही ना. एसटी स्थानकांवर आणि महामार्गावरच्या टपऱ्यांवर अशा बाटल्या सर्रास दिसतात. आणि चौथे, बाटली उन्हात ठेवलेली नव्हती ना. पातळ प्लॅस्टिकच्या बाटल्या बनवताना अँटिमनीचे संयुग वापरले जाते आणि उष्णतेत त्याचे अंश पाण्यात उतरण्याचे प्रमाण वाढते. मानकात त्याची मर्यादा दर लिटरला ०.००५ मिलिग्रॅम आहे, पण ही मर्यादा कारखान्यातून निघणाऱ्या पाण्याची. दुकानाबाहेर उन्हाळाभर तापलेल्या खोक्याची हमी कोणीच देत नाही. याच कारणाने या बाटल्यांत कधीही गरम पाणी भरून ठेवू नये.

नायट्रेट: न दिसणारा आणि उकळून न जाणारा धोका

१९४५ मध्ये अमेरिकेतील आयोवा राज्यात हंटर कोमली या डॉक्टरांनी शेतावरच्या विहिरीचे पाणी दुधात मिसळून दिलेल्या बाळांचे अंग निळे पडल्याच्या घटना नोंदवल्या. कारण निघाले पाण्यातील नायट्रेट. बाळाच्या पोटात आम्लता कमी असते, त्यामुळे तिथे नायट्रेटचे नायट्राइट करणारे जंतू टिकून राहतात. हे नायट्राइट रक्तात जाऊन हिमोग्लोबिनला असे बदलते की ते प्राणवायू वाहून नेऊ शकत नाही. मोठ्या माणसाच्या शरीरात हा बदल उलटवणारे विकर (एन्झाइम) पुरेसे असते. तान्ह्या बाळात ते कमी असते, शिवाय जन्मापूर्वीचे जे हिमोग्लोबिन अजून शिल्लक असते ते सहज बदलते. तीन-चार महिन्यांच्या आतल्या बाळांना म्हणूनच हा धोका सर्वाधिक असतो.

हा विषय आपल्यापासून दूरचा नाही. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात महाराष्ट्रातून घेतलेल्या नमुन्यांपैकी एक तृतीयांशाहून अधिक नमुन्यांत नायट्रेट मर्यादेपेक्षा जास्त आढळले, आणि सर्वाधिक बाधित जिल्ह्यांत वर्धा, बुलढाणा, अमरावती, नांदेड, बीड, जळगाव आणि यवतमाळ यांची नावे आहेत. युरिया, शेणखताचे उकिरडे, शोषखड्डे आणि गळकी मलवाहिनी ही त्याची मुख्य कारणे. या भागांत बोअरचे किंवा विहिरीचे पाणी पिणाऱ्या घरात पावडरच्या दुधावरचे बाळ असेल, तर प्रमाणित बाटलीबंद पाणी हा चांगला पर्याय आहे. आयएस १४५४३ नुसार त्यात नायट्रेट दर लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. नैसर्गिक मिनरल वॉटरमध्ये ही मर्यादा ५० आहे. जागतिक आरोग्य संघटनेची ५० मिलिग्रॅमची शिफारस बाटलीने दूध पिणाऱ्या याच बाळांना समोर ठेवून ठरवलेली आहे. तरीही मर्यादेच्या काठावरचे पाणी आणि त्याहून खूपच कमी नायट्रेटचे पाणी यांत निवड करता येत असेल, तर दुसरेच घ्यावे.

पाणी निम्मे होईपर्यंत आटवून बाळाला देण्याची पद्धत आपल्याकडे अनेक घरांत चालत आली आहे, आणि आजी ती मायेने सांगते. परंतु दोन लिटर पाणी आटवून एक लिटर केले की वाफ जाते आणि क्षार तेवढेच राहतात: दर लिटरला ३० मिलिग्रॅम नायट्रेट असलेले निर्दोष पाणी आटल्यावर ६० मिलिग्रॅमचे, म्हणजे मर्यादेबाहेरचे होते. पाणी उकळावे, आटवू नये. तुरटी फिरवल्याने, कँडलच्या गाळणीने किंवा अतिनील दिव्याच्या यंत्राने नायट्रेट जात नाही. आरओ यंत्राने ते बऱ्याच अंशी कमी होते, पण यंत्राची जाळी वेळेवर बदललेली असेल तरच. हातात धरायचा छोटा टीडीएस मीटर सगळ्या क्षारांची गोळाबेरीज दाखवतो, त्यात नायट्रेट किती हे सांगत नाही. २५० टीडीएस असलेल्या गोड पाण्यातही नायट्रेट ६० असू शकते.

घरच्या पाण्याची प्रयोगशाळेत तपासणी करून घेतली असेल, तर अहवालातली एक बारीक गोष्ट अवश्य पाहावी. काही प्रयोगशाळा ‘नायट्रेट’ म्हणून आकडा देतात, तर काही ‘नायट्रेट, नायट्रोजनच्या स्वरूपात’ असा देतात. दुसऱ्या प्रकारचा आकडा ४.४३ ने गुणल्यावरच त्याची ४५ शी तुलना करता येते. ‘नायट्रोजनच्या स्वरूपात १२’ असे वाचून घर निश्चिंत होते, आणि प्रत्यक्षात ते पाणी सुमारे ५३ मिलिग्रॅमचे असते.

फ्लोराइड, सोडियम आणि परदेशातील लेबले

चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांतील काही गावांत भूजलात फ्लोराइड जास्त आहे आणि ते उकळून जात नाही. पॅकेज्ड ड्रिंकिंग वॉटर व मिनरल वॉटर दोघांनाही दर लिटरला १ मिलिग्रॅमची मर्यादा आहे. बाळाच्या हिरड्यांत पुढे येणारे कायमचे दात याच वयात घडत असतात, म्हणून कमी फ्लोराइडचे पाणी निवडणे शहाणपणाचे. सोडियमची मर्यादा पॅकेज्ड पाण्यात २०० आणि मिनरल वॉटरमध्ये १५० मिलिग्रॅम आहे; हे आकडे सर्वसाधारण ग्राहकासाठी ठरवलेले आहेत.

भारतीय मानकांत बाळाच्या आहारासाठी असा पाण्याचा वेगळा वर्ग नाही. जर्मनीत तो आहे. तिथे बाटलीवर ‘बाळाचे अन्न तयार करण्यास योग्य’ असे लिहायचे असेल, तर दर लिटरला सोडियम २०, नायट्रेट १०, नायट्राइट ०.०२, सल्फेट २४० आणि फ्लोराइड ०.७ मिलिग्रॅमच्या आत असावे लागते, अर्सेनिक ०.००५, मँगनीज ०.०५ आणि युरेनियम ०.००२ मिलिग्रॅमच्या आत. म्युनिक किंवा फ्रँकफुर्टमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांना दुकानात हे वाक्य शोधता येईल. आपल्याकडच्या पालकांना हे आकडे मनात ठेवून लेबल वाचता येईल. लेबलवर खनिजांचे प्रमाण छापलेले असेल, तर सोडियम २० च्या आणि नायट्रेट १० च्या जवळपास किंवा खाली असलेली बाटली उत्तम. युरोपीय संघात दीड मिलिग्रॅमपेक्षा जास्त फ्लोराइडच्या मिनरल वॉटरवर ‘बाळांनी व सात वर्षांखालील मुलांनी नियमित पिण्यास योग्य नाही’ अशी सूचना छापणे बंधनकारक आहे. ब्रिटनमधील आरोग्यसेवा नळाचे पाणीच उकळून वापरण्यास सांगते, आणि बाटलीचे वापरावेच लागले तर सोडियम २०० च्या आत व सल्फेट २५० पर्यंत असावे, असे सांगते. अमेरिकेत बाळांसाठी म्हणून विकले जाणारे पाणी निर्जंतुक केलेले नसेल, तर तसे लेबलवर लिहावे लागते. ही शेवटची तरतूद मला सर्वांत प्रामाणिक वाटते आणि ती आपल्याकडेही असावी.

बाटलीचे पाणीही उकळायचे

आयएस १४५४३ नुसार २५० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय, इतर कोलिफॉर्म, साल्मोनेला, पटकीचे जंतू, स्यूडोमोनास यांपैकी एकही सापडता कामा नये. मात्र सर्वसाधारण जिवाणू मर्यादित संख्येत असणे हेच मानक मान्य करते: ३७ अंश सेल्सियसला वाढवले असता दर मिलिलिटरला २० पर्यंत. ते निरोगी माणसाला निरुपद्रवी असतात, पण पाणी निर्जंतुक नाही हे त्यातून स्पष्ट होते. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांनी २००७ मध्ये दुधाच्या पावडरीबद्दल जी मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यांतही बाटलीचे पाणी निर्जंतुक नसते, ते उकळूनच वापरावे, असे स्पष्ट म्हटले आहे.

त्याच तत्त्वांत आणखी एक महत्त्वाचा मुद्दा आहे. दुधाची पावडर स्वतःही निर्जंतुक नसते. तिच्यात क्रोनोबॅक्टर आणि साल्मोनेला हे जंतू क्वचित असू शकतात. क्रोनोबॅक्टरमुळे नवजात बाळाला मेंदूच्या आवरणाचा दाह होण्यासारखा गंभीर आजार होतो. म्हणून पावडर मिसळताना पाणी किमान ७० अंश सेल्सियस गरम असावे, म्हणजे पावडरीतले जंतूही मरतात. कोमट पाण्यात पावडर कालवली की ते मरत नाहीत, उलट त्यांना वाढायला सोयीची ऊब मिळते. काही डब्यांवर कोमट पाणी वापरण्याची सूचना असते, आणि काही पावडरींत उष्णतेने नष्ट होणारे घटक असतात. अशा वेळी बालरोगतज्ज्ञांना विचारून पद्धत ठरवावी, विशेषतः बाळ दोन महिन्यांच्या आतले, अपुऱ्या दिवसांचे किंवा कमी वजनाचे असेल तर.

पाणी कशात उकळायचे, हेही महत्त्वाचे आहे. स्टेनलेस स्टीलचे पातेले वापरावे. तांब्याचे किंवा पितळेचे नको, कल्हई केलेलेही नको. तांब्याच्या भांड्यातले पाणी आरोग्याला चांगले, हे मोठ्यांसाठी कोणी म्हणत असले तरी बाळांना ते लागू पडत नाही. १९८० च्या दशकात पुण्याच्या केईएम रुग्णालयातील बालरोगतज्ज्ञांनी लहान मुलांच्या यकृताच्या एका जीवघेण्या आजाराचा अभ्यास केला आणि त्याचा संबंध पितळ व तांब्याच्या भांड्यांत तापवलेल्या, साठवलेल्या वरच्या दुधाशी असल्याचे दाखवले. दुधात उतरलेले तांबे बाळाच्या यकृतात साठत होते. घरोघरी स्टील आल्यावर तो आजार जवळजवळ नाहीसा झाला.

आता प्रत्यक्ष कृती. हात साबणाने धुवावेत. वाटी-चमचा किंवा बाळाची दुधाची बाटली स्वच्छ घासून पाण्यात पूर्ण बुडवून उकळून घ्यावी. बोंडले वापरत असाल, तर त्याच्या चोचीत दुधाचा थर साचतो. तिच्यातून बारीक ब्रश फिरल्याशिवाय ते स्वच्छ झाले असे समजू नये. बाटलीचे ताजे उघडलेले पाणी पातेल्यात घेऊन खळखळ उकळी येऊ द्यावी आणि मोठे बुडबुडे सतत येत असताना एक मिनिट ठेवून गॅस बंद करावा. झाकण ठेवून पाणी त्याच पातेल्यात निवू द्यावे, पण अर्ध्या तासापेक्षा जास्त नाही. हा अर्ध्या तासाचा नियम साधारण लिटरभर पाण्यासाठी आहे. चहाच्या छोट्या पातेल्यात कपभर पाणी उकळले, तर ते पंख्याखाली काही मिनिटांतच ७० अंशांच्या खाली जाते. स्वयंपाकघरात वापरायचा थर्मामीटर फारसा महाग नसतो. पावडरच्या दुधावर बाळ असलेल्या घरात तो असावा.

दूध बनवताना आधी मोजलेले पाणी ओतावे, मग पावडर घालावी. उलट क्रमाने केल्यास प्रमाण चुकते. चमचा डब्यातलाच वापरावा, सपाट करून, दाबून न भरता. बहुतेक डब्यांवर एका चमच्याला ३० मिलिलिटर पाणी असे प्रमाण असते, पण ते गृहीत न धरता आपल्या डब्यावरचे वाचावे. डबा जास्त दिवस पुरावा म्हणून पाणी वाढवू नये: पातळ दुधाने बाळाच्या रक्तातले सोडियम घसरून झटके येऊ शकतात, आणि दाट दुधाने मूत्रपिंडांवर ताण येतो. दूध कालवल्यावर भांडे थंड पाण्यात धरून, मनगटाच्या आतल्या बाजूवर थेंब टाकून ते कोमट झाल्याची खात्री करूनच बाळाला द्यावे. मायक्रोवेव्ह वापरू नये. दूध एका ठिकाणी कोमट आणि दुसऱ्या ठिकाणी पोळणारे राहते. बनवलेले दूध दोन तासांत संपवावे आणि बाळाचे तोंड लागलेले उरलेले दूध टाकून द्यावे.

सहा महिन्यांनंतरच्या अन्नात काम सोपे होते. नाचणीचे सत्त्व, रव्याची खीर, मऊ भात, मुगाचे वरण हे शिजतानाच उकळतात; तिथे फक्त क्षारांकडे लक्ष द्यायचे. डब्यातल्या तयार सीरियलमध्ये मात्र पाणी नंतर मिसळायचे असते, म्हणून ते उकळून निवलेलेच हवे.

उघडलेली बाटली कोणी तोंड लावून प्यायले असेल, तर ती बाळासाठी बाद. तोंड न लावलेली बाटली झाकण लावून फ्रीजमध्ये ठेवावी आणि बाळासाठी एका दिवसाच्या आत वापरावी.

प्रवास, पूर आणि जार

रेल्वे किंवा एसटीच्या प्रवासात पेंट्रीतल्या किंवा चहावाल्याच्या ‘गरम पाण्यावर’ भिस्त ठेवू नये. ते उकळले होते की नुसते तापवले होते, हे कळायला मार्ग नसतो. घरून निघताना खळखळ उकळलेले पाणी चांगल्या थर्मासमध्ये काठोकाठ भरून घ्यावे, पावडर एका वेळेच्या मापाने कोरड्या स्वच्छ डब्यांत वेगळी घ्यावी आणि दूध लागेल तेव्हाच कालवावे. तयार दूध थर्मासमध्ये ऊबदार ठेवून नेणे ही सर्वांत वाईट पद्धत आहे, कारण त्या उबेत जंतू तासागणिक वाढतात. सांगली-कोल्हापुरात २०१९ ला आणि चिपळूणमध्ये २०२१ ला आला तसा पूर आला, की मदतीच्या गाडीत पाण्याच्या बाटल्या आणि दुधाच्या पावडरीचे डबे दोन्ही येतात, पण इंधन नसते. अशा वेळी स्तनपान देणाऱ्या आईचे दूध चालू राहील याकडे छावणीतल्या सर्वांनी लक्ष द्यावे, आणि पावडरच्या दुधावरच्या बाळांसाठी पाणी उकळण्याची सोय आधी मागून घ्यावी.

वीस लिटरच्या जारबद्दल अधिक सावध राहावे लागते. सील, परवाना क्रमांक, बॅच आणि तारीख असलेला जार हा वरच्याच मानकांखाली येतो. गल्लीतल्या आरओ प्लांटमधून रोज सकाळी टेम्पोने येणारा निळा किंवा थर्मासच्या आकाराचा ‘थंड पाण्याचा जार’ मात्र बहुधा यांपैकी काहीच घेऊन येत नाही; तो कधी धुतला, झाकण कोणी लावले, पाण्यात नायट्रेट किती, यांतले काहीच लेबलवर नसते. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी परिसरात गिया-बारे (जीबीएस) या मज्जातंतूंच्या आजाराची साथ आली, तेव्हा लोक नळ सोडून जारकडे वळले. तपासणीत त्या भागातल्या काही खासगी आरओ प्रकल्पांचे पाणीही पिण्यास अयोग्य निघाले आणि महापालिकेने ते प्रकल्प बंद केले. लेबल नसलेल्या जारचे पाणी बाळासाठी वापरू नये. दुसरे काहीच नसेल आणि ते वापरावेच लागले, तर उकळणे अनिवार्य, आणि क्षारांची खात्री करण्यासाठी प्लांटच्या मालकाकडे प्रयोगशाळेचा ताजा अहवाल मागावा. तो मागणे हा ग्राहकाचा हक्क आहे.

बाळाचे ओठ, नखे किंवा तोंडाभोवतीची त्वचा निळसर-करडी दिसू लागली, बाळ दमल्यासारखे श्वास घेऊ लागले किंवा मलूल पडले, तर एक क्षणही न थांबता रुग्णालयात न्यावे. सतत पातळ जुलाब, सहा तास लघवी न होणे, टाळू खोल गेलेली, ताप किंवा झटके ही लक्षणेही तितकीच तातडीची. डॉक्टरांना बाळाचे दूध कोणत्या पाण्यात कालवले, ते किती दिवसांपासून वापरात आहे आणि ते आटवले होते का, हे आपण होऊन सांगावे, कारण घाईच्या वेळी हा प्रश्न विचारायचा राहून जातो आणि निळेपणाचे कारण मग हृदयात किंवा फुप्फुसात शोधले जाते. उरलेले पाणी बाटलीसकट झाकण लावून फ्रीजमध्ये ठेवावे, लेबलचा फोटो काढून घ्यावा, बॅच क्रमांक टिपून ठेवावा, आणि तो घेऊनच जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार द्यावी, म्हणजे त्याच बॅचचे बाकीचे खोके तपासता येतात.